गच्ची, दोन छत्र्या आणि सेकंदाला आठ चित्रं: अ‍ॅनिमेची शैली खऱ्या कॅमेऱ्यात कशी उतरवायची

अ‍ॅनिमेसारखी, म्हणजे जपानी कार्टूनसारखी, शॉर्ट फिल्म करायची ठरली की पहिला फोन विगवाल्याला जातो. माझाही गेला होता. निळा विग, घोट्यापर्यंत लाल कोट, हातात छत्री, गच्चीवर दोन मैत्रिणींचं द्वंद्व. पहिल्या दिवसाचं फुटेज रात्री लॅपटॉपवर लावलं, तर मांगातली (जपानी कॉमिक्समधली) योद्धा दिसायच्या ऐवजी शाळेच्या गॅदरिंगला उभी केलेली चुलत बहीण दिसत होती. कोटाला नवी कोरी इस्त्री, विगला प्लॅस्टिकची चकाकी, आणि सगळीकडे सारखाच मऊ उजेड. चूक विगात थोडी होती. जास्त चूक उजेडात, लेन्समध्ये आणि सगळ्यात जास्त वेळेच्या हिशोबात होती.

तोच सव्वा मिनिटाचा प्रसंग आम्ही नंतर पुन्हा शूट केला. तेव्हा जे जमलं ते इथे क्रमाने मांडतो. मोठा कॅमेरा नसेल तरी चालेल. काही बाबतीत फोन उलट जास्त सोयीचा आहे.

आधी, ही शैली आली कुठून

हे वाचायचा कंटाळा करू नका, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

१९६३ च्या जानेवारीत ओसामू तेझुका यांचा 'तेत्सुवान आतोमु' (इंग्रजीत 'अ‍ॅस्ट्रो बॉय') हा अ‍ॅनिमे जपानी टीव्हीवर सुरू झाला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा आणि पैसा बेताचा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तर सेकंदाला १२ चित्रं लागतात, तीन फ्रेम टिकवलं तर ८ पुरतात. तेझुकांच्या स्टुडिओने हा आठाचा हिशोब धरला. शिवाय शरीर स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, पात्र न हलवता मागचं चित्र सरकवायचं, एकच धाव पुन्हा पुन्हा वापरायची. पस्तिशी ओलांडलेल्यांना दूरदर्शनवरचं 'जंगल बुक' आठवत असेल. ते जपानी अ‍ॅनिमेच होतं. मोगली कितीदा नुसता उभा असायचा आणि केस तेवढे उडायचे, आठवून पाहा.

ही काटकसर पुढे शैली झाली. १९७० च्या 'आशिता नो जो' मध्ये दिग्दर्शक ओसामू देझाकी यांनी ऐन क्षणी हालचाल गोठवून तिथे रंगवलेलं स्थिर चित्र ठेवायची पद्धत रुजवली. १९९५ च्या 'इव्हँजेलियन' मध्ये हिदेआकी आन्नो यांनी दोन मुलींना लिफ्टमध्ये उभं केलं आणि जवळपास मिनिटभर काहीच हलवलं नाही. एक शिंकरली नाही, एक वळली नाही. प्रेक्षक मात्र खुर्चीत चुळबुळतो.

थोडक्यात, तिथे हालचाल महाग आहे, म्हणून ती मोजून खर्च होते. आपल्या कॅमेऱ्यासमोर हालचाल फुकट मिळते, आणि आपण ती उधळतो.

मांगाचं दुखणं वेगळं. तिथे वेळ वाचकाच्या हातात असतो. मोठी चौकट आली की डोळा रेंगाळतो, बारक्या तिरप्या चौकटी आल्या की पळतो. सिनेमात प्रेक्षकाला रेंगाळता येत नाही. त्याच्या वतीने कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवायचं.

पान सोडवून घ्या

तुम्हाला आवडणाऱ्या मांगाचं मारामारीचं एक जोडपान घ्या. ते उजवीकडून डावीकडे वाचायचं. प्रत्येक चौकटीसाठी वहीत चार गोष्टी लिहा: कॅमेरा कोणत्या उंचीवर आहे, पात्र कुठे बघतंय, चौकटीने काय कापून टाकलंय आणि तुमचा डोळा तिथे किती वेळ थांबला. चौथ्या गोष्टीसाठी घड्याळ लावायची गरज नाही, मनात एक-दोन मोजलं तरी पुरे. तिसरी सगळ्यात कामाची. चांगला मांगाकार वार दाखवतच नाही बऱ्याचदा. आधीची मूठ दाखवतो, नंतरची जमिनीवरची चप्पल दाखवतो.

मग आपल्या प्रसंगाच्या चौकटी काढा. चित्रकला येत नसेल तर काड्यांची माणसं काढा. त्यांचे फोनने फोटो घेऊन एडिटिंग अ‍ॅपमध्ये एकामागे एक लावा आणि फक्त वेळ लावत बसा. आमच्या सव्वा मिनिटाच्या द्वंद्वात २२ चौकटी होत्या. त्यातल्या १४ मिळून जेमतेम दहा सेकंद झाले, आणि तीनच चौकटींनी छत्तीस सेकंद खाल्ले. इतका विषम हिशोब कागदावर वेडगळ वाटतो. पण सगळ्या चौकटींना तीन-तीन सेकंद दिले की ती मालिका होते, अ‍ॅनिमे राहत नाही.

एक धोक्याची सूचना. दिशा सोयीची व्हावी म्हणून मांगातली चौकट आरशासारखी उलटी करून वापरायचा मोह होतो. पूर्वी पाश्चात्त्य प्रकाशक अख्खी पुस्तकं अशी उलटी छापत, आणि सामुराई रातोरात डावखुरे होत. किमोनोची डावी बाजू उजवीवर येते. उलटी, म्हणजे उजवी डावीवर, फक्त प्रेताला नेसवतात. एका क्लिकने तुमचा नायक मेलेला असतो. दिशा बदलायची तर माणसांना बदलून उभं करा, चित्र उलटं करू नका.

आणि हे पान फक्त सरावाला. दुसऱ्याच्या मांगावर फिल्म करायला हक्क लागतात, आणि 'फॅन फिल्म' म्हटल्याने ते मिळत नाहीत. गोष्ट स्वतःची लिहा.

काय घ्यायचं, काय बदलायचं, काय सोडायचं

कागदावर तीन रकाने पाडा. मूळ रूपातलं जसंच्या तसं घ्यायचं ते पहिल्यात. कॅमेरा, उजेड किंवा अभिनयात रूपांतर करायचं ते दुसऱ्यात. सोडून द्यायचं ते तिसऱ्यात. तिसरा रकाना रिकामा राहिला तर यादी पुन्हा करा.

२०२३ ची 'वन पीस' मालिका याचा चांगला धडा आहे. नायक लुफीची गवती टोपी, डोळ्याखालचा व्रण, जहाजं, सगळं ठसठशीत घेतलं. जहाजं तर खरीच बांधली. पण त्याच्या सोबत्यांपैकी उसोपचं लांब नाक आणि सांजीची गुंडाळलेली भुवई गाळली. कागदावर ते नाक म्हणजे एक रेष आहे. माणसाच्या चेहऱ्यावर ते मांसाचं होतं, आणि मग दुसरं काही दिसतच नाही.

'अलीता' (२०१९) मध्ये रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी उलटा जुगार खेळला आणि मांगाचे मोठे डोळे संगणकावर खरोखर ठेवले. पहिल्या ट्रेलरनंतर लोक बिचकले. तेव्हा डोळे लहान न करता आतलं बुबुळ मोठं केलं, पांढरा भाग कमी झाला आणि नजर निवळली. पांढरा भाग जास्त दिसला की माणूस भेदरलेला वाटतो. तुमच्याकडे तो खर्च नाही, पण तत्त्व फुकट आहे: नटीला किंचित खालून वर बघायला सांगू नका, कॅमेराच तिच्या डोळ्यांच्या रेषेत आणा आणि समोर उजळ पांढरा थर्माकोल धरा. त्याचं प्रतिबिंब बुबुळात पडलं की अ‍ॅनिमेतला तो पांढरा ठिपका आपोआप मिळतो.

विनोदासाठी २००६ ची 'नोदामे कांताबिले' ही जपानी मालिका पाहा. मांगात नायिका फटका खाऊन हवेत उडते. मालिकेत तिथे सरळ बाहुली फेकली आहे, आणि ती बाहुली आहे हे लपवायचा कुणी प्रयत्नही केलेला नाही. लपवलं असतं तर हसू आलं नसतं.

'थेर्माए रोमाए' (२०१२) ने तर प्रश्न कास्टिंगमध्येच सोडवला. जपानी नटांनी प्राचीन रोमन लोकांची कामं करायची होती. त्यांनी मुद्दाम ठळक, कोरीव चेहऱ्यांचे नट निवडले आणि रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओतल्या सेटवर उभे केले.

कपडे आणि केस

विग हवाच असेल तर नाटकाच्या रंगभूषाकाराकडून घ्या. भाड्याच्या दुकानातला नको. नायलॉनची चकाकी मारायला टाल्कम पावडर ब्रशने चोळून झटकायची. रंग दोन छटा खाली आणा. मांगाच्या रंगीत पानांवरचा निळा ही बऱ्याचदा 'काळा' दाखवायचीच पद्धत असते, तेव्हा काळ्यात निळसर झाक पुरते.

कापड बिनडिझाइनचं आणि जड घ्या. अ‍ॅनिमेत एका पृष्ठभागाला एकच रंग असतो, पण सावलीतली आकृती ओळखू येते. कोट घालून नटीला उन्हात उभं करा आणि फक्त जमिनीवरची तिची सावली बघा. सावलीवरून पात्र ओळखू आलं तर कोट पास. मग तो दोनदा धुवा, बाह्या गुंडाळा, कोपरांवर खराटा घासा. २०१२ च्या 'रुरोनी केन्शिन' मध्ये केइशी ओतोमो यांच्या पात्रांचे कपडे घातलेले वाटतात, चढवलेले वाटत नाहीत. केन्शिनचे लाल केससुद्धा तिथे मातकट लाल आहेत.

उजेड: मधला राखाडी काढून टाका

सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकवर, रंगवलेल्या अ‍ॅनिमेत कातडीला दोनच छटा असतात: उजेडातली आणि सावलीतली. मध्ये धार. आपण सिनेमा शिकताना नेमकी ती धार मऊ करायला शिकतो. इथे शिकलेलं विसरायचं.

धार हवी तर दिवा लहान हवा आणि लांब हवा. सगळ्यात स्वस्त तसा दिवा म्हणजे सूर्य. डिसेंबरात दुपारी साडेचार ते साडेपाच गच्चीवर ऊन तिरपं आणि कडक मिळतं. उजेड मऊ करणारा ट्रेसिंग पेपर लावू नका. सावलीच्या बाजूला पांढरं काहीही ठेवू नका, उलट काळा कपडा धरा. चुन्याची पांढरी भिंत जवळ असेल तर तीसुद्धा काळ्या कपड्याने झाका. आमचे लाइटदादा पहिल्या दिवशी सवयीने थर्माकोल घेऊन धावत आले. दुसऱ्या वेळी त्यांना म्हटलं, "दादा, आज उजेड मारायचा." त्यांनी उजेड अडवणारे दोन कटर लावले आणि नाकाच्या सावलीची कडा अशी उमटली की पेनाने ओढावी.

रंगसंस्कार करताना तेच: मधल्या छटा दाबा, पण काळा पार काळा करू नका. अ‍ॅनिमेतली सावली बहुधा जांभळट किंवा निळसर असते, काळी क्वचितच.

लेन्स आणि खोली

धूसर पार्श्वभूमी म्हणजे 'सिनेमॅटिक' असं मनात बसलेलं असतं. मांगात आणि सेल अ‍ॅनिमेत बहुतेक वेळा पुढचं पात्रही स्पष्ट आणि मागची चिमणीही स्पष्ट. वाचोव्स्की भावंडांनी २००८ च्या 'स्पीड रेसर' मध्ये, जो १९६७ च्या जपानी मालिकेवरून आहे, पुढचं आणि मागचं वेगळं शूट करून थर एकावर एक ठेवले आणि सगळंच फोकसमध्ये आणलं. चित्रपट पडला, पण त्या फ्रेम आजही दुसऱ्या कुणाच्या वाटत नाहीत.

घरगुती उपाय सोपा आहे. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स एफ ८ वर, म्हणजे छिद्र लहान करून, लावा आणि सुमारे अडीच मीटरवर फोकस ठेवा. साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ २.८ च्या तुलनेत आठपट उजेड लागेल, तो सूर्य देतो. फोनचा सेन्सर लहान, त्यामुळे त्याला हे जन्मजात जमतं. पोर्ट्रेट मोड तेवढा बंद ठेवा.

रुंद लेन्स छत्रीच्या टोकाच्या अगदी जवळ नेली आणि ते टोक लेन्सवर रोखलं, की टोक ताटाएवढं आणि मागची नटी बोटाएवढी होते. अ‍ॅनिमेतला तो ताणलेला दृष्टिकोन हाच. असे शॉट सव्वा मिनिटात दोन, फार तर तीन. आडव्या लांबट चौकटीचा उलट परिणाम पाहायचा असेल तर पार्क चान-वूक यांचा 'ओल्डबॉय' (२००३) घ्या. तो जपानी मांगावरून आहे. बोळातली मारामारी कॅमेऱ्याने भिंतीला समांतर सरकत एकाच सलग शॉटमध्ये घेतली, तीन दिवस आणि १७ टेक लागले. त्यात एकही 'अ‍ॅनिमे' इफेक्ट नाही.

नटांना थांबायला शिकवा

हालचाल एका ठाम पवित्र्यातून दुसऱ्या ठाम पवित्र्यात जायला हवी, मधला प्रवास झटक्यात. काबुकी या जपानी नाट्यप्रकारात ऐन क्षणी नट गोठतो, त्याला 'मिए' म्हणतात. अ‍ॅनिमेतला गोठलेला क्षण त्याचाच नातेवाईक वाटतो. आमच्या दोघींपैकी एकीने सिंधुदुर्गात दशावतार पाहत बालपण काढलं होतं. तिला हे एका वाक्यात कळलं. दुसरीला, जी मालिकांमधून आलेली, दोन दिवस लागले. तिचे हात शांत राहायचे, पण भुवया बोलत राहायच्या.

सरावाची युक्ती: पवित्रा घ्या, मनात आठ मोजा, पापणी लववू नका, श्वास पोटात. आठाव्यालाच हला. फ्रीज फ्रेम वापरू नका. चित्र खरोखर गोठलं की प्रेक्षकाला वाटतं व्हिडिओ अडकला. माझ्या पहिल्या कटला मित्र म्हणाला, "हँग झालं रे." माणूस स्थिर आणि एकच गोष्ट हलती हवी: केसांची बट, वाळत घातलेली ओढणी, छत्रीच्या काडीवरून गळणारा थेंब. मागे कुणीतरी पुठ्ठा घेऊन वारा घालत बसलेलं असायचं, एवढंच.

आठ चित्रांचा हिशोब

आता सगळ्यात मजेचा भाग.

हाताने काढलेल्या चित्रात हालचालीचा धूसरपणा नसतो. २४ फ्रेमला शटर एरवी १/४८ सेकंदाच्या आसपास ठेवतात. इथे १/२०० करा. हात लखलखीत, तुटक दिसेल. पण सावध: आपली वीज ५० हर्ट्झची, साधे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/२०० वर ते पट्ट्यांच्या रूपात उमटतात. पहिल्या दिवशीचा आमचा जिन्यातला शॉट असाच गेला. म्हणून हे काम उन्हातच.

कॅमेरा तिपाईवर पक्का ठेवून फोर-केमध्ये शूट करा. मग एडिटिंगला तो शॉट सेकंदाला ८ फ्रेमने एक्स्पोर्ट करा, फ्रेम ब्लेंडिंग (शेजारच्या फ्रेमची सरमिसळ) बंद ठेवून, आणि परत २४ च्या टाइमलाइनवर ठेवा. प्रत्येक चित्र तीन फ्रेम टिकतं. आता एचडी चौकटीत त्याच शॉटवर हळूच पॅन करा, म्हणजे चौकट आडवी सरकवा. पॅन २४ चा गुळगुळीत, पात्र ८ चं तुटक. अ‍ॅनिमेत नेमकं हेच होतं: पार्श्वभूमी सरसर सरकते आणि माणूस टप्प्याटप्प्याने हलतो. हातातल्या कॅमेऱ्याने घेतलेल्या शॉटवर हे करू नका, सगळी गच्ची उचक्या देईल.

सगळीकडेही करू नका. चालताना-बोलताना २४, वाराच्या आधी १२, वाराला ८. आन्नो यांनी २००४ च्या 'क्यूटी हनी' मध्ये टोकाला जाऊन नटीची स्थिर छायाचित्रंच चित्रांसारखी वापरली होती. ते काही क्षणांपुरतंच शोभतं.

छत्री छत्रीला भिडली त्या फ्रेमनंतर दोन फ्रेम उलट्या रंगात टाका. दोनच. चौथ्या फ्रेमला ते लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसू लागतं.

रेषा आणि आवाज

वेगाच्या आणि मध्यबिंदूकडे धावणाऱ्या रेषा वरून चिकटवू नका. जागेत शोधा. आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या सहा दोऱ्या होत्या. कॅमेरा त्यांच्या एका टोकाला, दोऱ्यांच्या थोडा खाली नेला आणि नटीला दुसऱ्या टोकाला उभं केलं, तर सहाही दोऱ्या तिच्या कपाळावर येऊन मिळाल्या. जिना, बोळ, वेळूचं बेट, पत्र्याच्या पन्हळी, सगळ्यांत या रेषा आहेत. धावताना मात्र लांब लेन्सने पॅन करा आणि मधे गच्चीची जाळी येऊ द्या. जाळी पुसट होते, चेहरा राहतो.

जपानी मांगात शांततेलाही शब्द आहे, 'शीऽन'. चौकटीत तो मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो. सिनेमात त्याचा अर्थ संगीत थांबवणं नव्हे. सगळंच काढा: वारा, रहदारी, खालच्या मजल्यावरचा मिक्सर. पूर्ण शून्य दीड सेकंद, मग एकच आवाज परत आणा. आम्ही टाकीत ठिबकणारा नळ आणला. त्यासाठी आधी गच्चीचा नुसता आवाज दोन मिनिटं वेगळा रेकॉर्ड केलेला असावा लागतो, नाहीतर काढायला काही नसतं आणि परत घालायलाही.

शेवटी तपासणी. फिल्म कधीही अ‍ॅनिमे न पाहिलेल्या माणसाला दाखवा आणि तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. लांब थांबलेल्या चौकटीत त्याने फोनकडे हात नेला तर दोन-तीन सेकंद कापा. आमच्या तीनपैकी एका चौकटीत हात गेला. तिचे बाराचे नऊ सेकंद केले, ओढणी थोडी जास्त हलवली, आणि पुन्हा दाखवलं.